दृष्ट फल आणि अदृष्ट फल

धर्मश्रद्धा खरी कीं खोटी हें ठरविण्यास कांहीं कसोटी आहे काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. तरुण मंडळी म्हणतात, सर्वच खोटें. वडील म्हणतात, श्रद्धेस प्रश्नच विचारूं नये. आमच्या मतें याचें उत्तर आपल्या जुन्या शास्त्रांतच सांपडतें.

मीमांसक फलाचे दोन भेद मानितात, दृष्ट आणि अदृष्ट. जें प्रत्यक्षानें कळतें तेथें प्रत्यक्षच प्रमाण. जें इंद्रियांस अगोचर, तेवढ्यापुरताच शब्दाचा अधिकार.

ता. २६ डिसेंबर २०१९ रोजीं सकाळीं आजऱ्यास सूर्यबिंबाचा मोठा भाग ग्रासला गेला. आमच्या सुनेस तेव्हां सातवा महिना होता. तिनें अन्नपाणी घेऊं नये, विळीस हात लावूं नये, नाहीं तर मुलाचा ओठ दुभंगेल, असें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचें म्हणणें पडलें. आम्हीं विचारिलें, दुभंगलेला ओठ हें दृष्ट फल कीं अदृष्ट? दृष्ट असेल तर परीक्षा टळत नाहीं. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांत जुळून येतो. सातव्या महिन्यांतील विळीनें तो दुभंगावा कसा? ही समजूत निखालस खोटी. सुनेस वेळेवर वाढण्यांत आलें.

यांत धर्मबाह्य कांहीं नाहीं. चंद्र सूर्यास झांकतो आणि पृथ्वीची छाया चंद्रास, असें आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें लिहिलें. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें वेदस्मृतींच्या अभिमानानें राहूची बाजू घेतली. परंतु ग्रहणाचें गणित मात्र चंद्र व भूछाया धरूनच केलें!

ग्रहण सुटल्यावर मंडळी रामतीर्थावर हिरण्यकेशींत स्नानास गेली. आमच्या पुतण्यानें तेंहि खोटें ठरविलें. परंतु स्नानाचें पुण्य कोणत्या यंत्रानें मोजावें? जेथें प्रत्यक्ष पोंचत नाहीं, तेथें 'खोटें' म्हणणाऱ्याजवळहि प्रमाण नसतें. प्रभु रामचंद्र वनवासांत तेथें राहिले, ही गोष्ट मात्र निराळी. ती भूतकालीन घटना म्हणून सांगितली जाते. तिला पुरावा मागणें रास्तच, आणि तो नसतां निर्णय राखून ठेवणेंहि रास्त.

खरी अडचण पुढेंच आहे. ओठाची समजूत खोटी ठरली, तोंच एक आजी म्हणाल्या, "दोष आज दिसत नाहीं, पुढें लागेल." परीक्षेंत हरलेली श्रद्धा अशी अदृष्टाच्या आडोशास जाते. तिनें खुशाल जावें. पण मग दृष्ट देहावर हुकूम चालवूं नये. अदृष्टासाठीं उपवास ज्याचा त्यानें करावा. गर्भवतीकडून करवूं नये.