बाबांचे पेन्शन आणि माझी चूक

माझे वडील इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनच्या फाउंड्रीत अठ्ठावीस वर्षे राबले. 2014 साली ते कायमचे नागपूरला परतले. ब्रिटिश सरकारचे वार्धक्य-पेन्शन तिकडच्याच बँकेत जमा होते. भारतात राहणाऱ्याचे हे पेन्शन दरवर्षी वाढत नाही, आहे तिथेच गोठते.

गेल्या वर्षी त्यांचे आयकर विवरणपत्र मी भरले. एक स्नेही म्हणाले, "तिकडचा पैसा तिकडेच राहते. कोणाले दिसते?" मी साधा फॉर्म घेतला, इथल्या ठेवींचे व्याज लिहिले आणि पेन्शन गाळले.

बाबांनी प्रत वाचायला मागितली. "यात माझं पेन्शन कुठं आहे?" मी कारण सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रोज सकाळी मी पंचशील म्हणतो. जे दिलं नाही ते घ्यायचं नाही. सरकारचं देणं दाबून ठेवणं म्हणजे वेगळं काय? मी सरकारी वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो. तिथली भाकर कोणाच्या करातून येत होती?"

माझी मान खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी कर सल्लागाराकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे : भारत आणि ब्रिटन यांच्यातील 1993 च्या करारानुसार असे पेन्शन, माणूस राहतो त्या देशातच करपात्र ठरते. ब्रिटन त्यावर कर कापत नाही, म्हणून इथे दाखवलेच पाहिजे. पौंडाचे रुपये स्टेट बँकेच्या ठरलेल्या दराने करायचे. परदेशी खाते असणाऱ्याला साधा फॉर्म चालत नाही; आयटीआर-2 मध्ये त्या खात्याची वेगळी नोंद लागते. कर शून्य आला तरी विवरणपत्र भरावेच लागते. परदेशी मालमत्ता लपवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याने 10 लाखांचा दंड आहे. लहान खात्यांना दंडातून सवलत आहे, पण नोंद करण्यातून नाही. आणि "कोणाले दिसते" हेही खरे नाही. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना कळवतात.

मुदत संपली नव्हती. सुधारित विवरणपत्र भरले. कर थोडकाच निघाला.

रुपयाच्या प्रश्नावर 1923 साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. आपला हिशेब चोख हवा. ज्यांच्या घरी परदेशाचे पेन्शन येते, त्यांनी माझ्या चुकीवरून शहाणे व्हावे.

पावती बाबांनी दोनदा वाचली, घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आता चहा टाक."

जयभीम!