ली हुआला उत्तर

'समजा, तू ली हुआ आहेस.' चीनमधल्या शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न बहुतेक वेळा या वाक्याने सुरू होतो. मग ली हुआने परदेशी मित्राला काय कळवायचं ते खाली दिलेलं असतं. बारावीनंतरच्या गाओकाओ परीक्षेच्या 2017 सालच्या एका राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ली हुआ लेस्ली नावाच्या ब्रिटिश मित्राला चिनी शिकवत होता आणि पुढच्या तासाला थांग काळातल्या कविता घेणार होता. 2018 मध्ये त्याने न्यूझीलंडच्या टेरीला, चिनी माणसाच्या घरी पाहुणा म्हणून जाताना काय रीत पाळावी, ते कळवलं. 2019 मध्ये तो लंडनला पोचला आणि तिथल्या कलादालनातल्या चिनी चित्रांच्या प्रदर्शनासाठी स्वयंसेवक व्हायला अर्ज करू लागला. खाली सही ठरलेली: ली हुआ. स्वतःचं नाव लिहायचं नाही.

मी सोलापूरच्या एका मराठी शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवली. आमच्याकडे पत्राखाली अ. ब. क. अशी सही करायची. मित्राला उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी बोलावणारा, मुख्याध्यापकांकडे दोन दिवसांची रजा मागणारा, 'आपला आज्ञाधारक' अ. ब. क. कारण तेच, पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये. त्यामुळे सुझोऊला राहायला गेल्यावर शेजारच्या मुलीने तिची वही दाखवली, तेव्हा ली हुआ मला परका वाटला नाही. एक गोष्ट मात्र मनात रुतली. प्रत्येक पत्राच्या शेवटी तो लिहितो, 'तुझ्या उत्तराची वाट पाहतोय.' वहीत अशी तीस-चाळीस पत्रं होती. उत्तर एकालाही नव्हतं. आमच्या अ. ब. क.लाही कुणी कधी उत्तर पाठवलं नव्हतं, पण अकरा वर्षं लाल पेन हातात धरून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सुझोऊ शांघायपासून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर. सिंगापूरच्या भागीदारीत 1994 साली उभारायला घेतलेल्या औद्योगिक वसाहतीत माझ्या नवऱ्याची नोकरी होती आणि चिंची सरोवराजवळच्या एका इमारतीत आमचं घर. 2021च्या जुलैमध्ये सरकारने नववीपर्यंतच्या मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले होते. मला पैसे घ्यायचेच नव्हते. इमारतीतल्या आयांशी माझा साधा करार झाला: शनिवारी दुपारी दोन तास मी त्यांच्या मुलांशी इंग्रजी बोलायचं, आणि आठवड्यातून दोनदा त्यांनी मला चिनी बोलायला शिकवायचं. सातवी ते अकरावीतली सहा मुलं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसू लागली. ती मला लाओशी म्हणत, म्हणजे बाई.

पहिल्या दिवशी मी विचारलं, 'हाऊ आर यू?' सहाही जणांनी एका सुरात उत्तर दिलं, 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?' त्यातल्या एकीला त्या दिवशी सडकून सर्दी झाली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या तिच्या आईनेही ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हटलं. या आया नव्वदच्या दशकातल्या पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या. ली लेई आणि हान मेईमेई ही त्यातली मुलं त्या पिढीला बालमित्रांसारखी आठवतात. मुलांची पुस्तकं आता वेगळी आहेत, तरी ते एक वाक्य आईकडून लेकीकडे तसंच आलं आहे.

चिनी लोकांनी या दुखण्याला स्वतःच नाव दिलंय, 'याबा यिंग्यू'. मुकी इंग्रजी. नाव अचूक आहे, पण ऐकणाऱ्याचा समज होतो की मुलांना इंग्रजी येत नाही. माझ्या टेबलावरच्या अकरावीच्या मुलीला इतके शब्द येत होते की आमच्याकडच्या बी.ए.च्या मुलांना येणार नाहीत. गाओकाओसाठी साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करतात. ती बहुधा वर्णानुक्रमे असते, त्यामुळे 'अबँडन', सोडून देणे, हा शब्द जवळजवळ सुरुवातीलाच भेटतो आणि तो चीनमधल्या प्रत्येक मुलाला येतो. सकाळी शाळा भरली की मोठ्याने वाचन, संध्याकाळी उशिरापर्यंत शाळेतच अभ्यास. अक्षर तर असं की छापलेलंच वाटावं. हबेई प्रांतातल्या हंगश्वी शहरातल्या शाळेवरून त्या वळणाला नाव पडलंय, सगळी अक्षरं गोलसर, उभी, एका मापाची. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात, तेव्हा असं अक्षर तपासणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावतं. जियांगसू प्रांतात, म्हणजे सुझोऊमध्येही, नववीच्या मुलांची बोलण्याची परीक्षा संगणकासमोर होते. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. गुण यंत्र देतं.

म्हणजे पत्र लिहायचं ते नसलेल्या मित्राला, बोलायचं ते यंत्राशी. समोरच्याने कान टवकारले, भुवई उंचावली, 'म्हणजे काय?' असं विचारलं, हे या इंग्रजीला कधी भेटतच नाही. मुकेपणाचं मूळ मला तिथे दिसलं. आणि माझ्याकडे देण्यासारखं काही असेल तर ती माझी इंग्रजी नव्हती. ती पाचवीपासून शिकलेली, सोलापुरी हेल असलेली इंग्रजी. माझ्याकडे कान होते.

पण त्याआधी त्या कानांना आणि जिभेलाही शिकावं लागलं. दुसऱ्याच शनिवारी मी एका मुलीकडे पेन मागितलं. तिने मला वही दिली. पुन्हा म्हटलं, 'पेन.' तिने दुसरी, कोरी वही पुढे केली. घरी शब्दकोश उघडून बसले तेव्हा उलगडा झाला. चिनी उच्चारांत आपल्यासारखाच प आणि फ यांचा भेद आहे, ब मात्र नाही. त्यांच्या रोमन लिपीत फ-सारखा उच्चार पी अक्षराने लिहितात आणि आपला प बी अक्षराने. इंग्रज माणूस पेन म्हणताना सुरुवातीला हलकी फुंकर घालतो. आपण मराठी माणसं घालत नाही. त्यामुळे माझं पेन तिच्या कानात बी अक्षराच्या खणात जाऊन पडत होतं, आणि त्या खणात 'बन', म्हणजे वही, आधीच बसलेली होती. पुढच्या वेळी मी टिश्यूची पट्टी तोंडासमोर धरली आणि ती हलेपर्यंत पेन, पेपर, पार्क म्हणत राहिले. मुलांनीही पट्ट्या घेतल्या. त्यांच्या पट्ट्या पहिल्याच फटक्यात उडाल्या, माझी उडेना. बाई आपल्यासमोर बसून शिकतेय, हे त्या दुपारी मुलांना दिसलं. त्यानंतर दोघी-तिघी आपणहून बोलू लागल्या.

माझ्या मातृभाषेने त्यांना मदतही केली. चिनी बोलण्यात तो आणि ती दोघांनाही 'ता'च म्हणतात. लिहिताना चिन्ह वेगळं, उच्चार एक. म्हणून चांगली तयारीची मुलगीसुद्धा आईविषयी सांगता सांगता 'ही' म्हणून जाते. शाळेत यावर ओरडा बसतो. मी त्यांना मराठी ऐकवली. मी गेले, मी गेलो. तो आला, ती आली, ते आलं. क्रियापदालासुद्धा मुलगा-मुलगी कळते, आणि टेबल नपुंसकलिंगी असून खुर्ची स्त्रीलिंगी, हे ऐकून मुलं थक्क झाली. 'लाओशी, तुम्ही बोलताना थकत नाही?' सातवीतल्या मुलाने चिनीत विचारलं. त्यानंतर इंग्रजीतले दोनच 'ही' आणि 'शी' त्यांना फार जड वाटेनात. चुका होत राहिल्या, पण चूक झाली की जीभ आत ओढून घेणं थांबलं.

पत्रांना उत्तरं द्यायला मी दिवाळीच्या सुमारास सुरुवात केली. कागद कापून नक्षी करण्याच्या चिनी कलेवर सहाही जणांनी ली हुआ बनून पीटर नावाच्या परदेशी मित्राला पत्र लिहिलं होतं. सहाही पत्रांत तेच, या कलेला प्रदीर्घ इतिहास आहे, ती आमच्या परंपरेचं रत्न आहे, आपण प्रदर्शनाला आलास तर मला अतिशय आनंद होईल. व्याकरण निर्दोष. ही साच्यातली वाक्यं मुलांना शाळेत पाठ करून घेतात आणि परीक्षेत ती उपयोगी पडतात, ते मी नाकारत नाही. मी सहा कोरे कागद घेतले आणि पीटरच्या नावाने प्रत्येकाला उत्तर लिहिलं. तुझ्या घरी अशी नक्षी कोण कापतं? कात्री कशी असते? लाल कागदच का? चुकून कापला गेला तर काय करतात?

जिला हा शेवटचा प्रश्न गेला, तिला उत्तर माहीत नव्हतं. ती आजीला विचारून आली. पुढच्या पत्रात तिने लिहिलं की आजी चुकलेला कागद फेकत नाही, त्याच चुकीतून मासा काढते. वाक्यात तीन चुका होत्या. क्रियापदाचा काळ गेला होता, 'ए' आणि 'द' गळाले होते. तेही मला समजण्यासारखं, कारण ते दोन शब्द ना चिनीत आहेत ना मराठीत. पण अशी गोष्ट ली हुआ कधीच सांगणार नाही. तो मासा तिच्या घरातला होता.

यातून पुढे जो पेच पडला तो सांगायला हवा. एका आईने दोन्ही वह्या माझ्यासमोर ठेवल्या. 'शाळेच्या वहीत चूक नाही,' ती म्हणाली, 'तुमच्याकडच्या वहीत एकेका पानावर दहा. लाओशी, ती मागे जातेय का?' मी तिला सरळ होय किंवा नाही म्हणू शकले नाही. गाओकाओत इंग्रजीला 150 गुण आहेत, त्यातले 40 लेखनाचे, आणि एका गुणाने हजारो मुलं पुढे-मागे होतात. ती बाई काही उगाच घाबरत नव्हती. मी तिला इतकंच म्हटलं की पाठ केलेल्या वाक्यात चूक होत नाही, कारण ते वाक्य तिचं नसतं. आपलं बोलायला लागलं की माणूस अडखळतो. तुम्ही मला चिनी शिकवताना मी काय करते ते आठवा. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'परीक्षेच्या आधीचे दोन महिने मात्र साचा.' मी कबूल झाले. आजही मला तो तह योग्य वाटतो. साचा मोडायला शिकवणाऱ्याने, परीक्षा आपण देत नाही, मूल देतं, हे विसरू नये.

एक चूक मात्र पूर्णपणे माझी. आठवीतला एक मुलगा आजोबांबरोबर राहायचा, आई-वडील दुसऱ्या शहरात नोकरीला. पहिल्या दिवशीचं ते एका सुरातलं वाक्य सोडलं तर तो तीन महिने एक अक्षर बोलला नव्हता. प्रश्न विचारून मी टेबलाखाली बोटं मोजत दहापर्यंत थांबायची, मग वीसपर्यंत. तो नुसता टेबलाच्या कडेवर नख फिरवायचा. एकदा त्याने पीटरला अर्धं पान लिहून आणलं आणि मी जुन्या सवयीने लाल पेन काढून ते सगळं दुरुस्त केलं. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही. अकरा वर्षांत मी किती वह्यांवर असं केलं असेल, हे त्या दोन आठवड्यांत माझ्या मनातून जाईना. पत्राला उत्तर द्यायचं म्हणून मी बसले होते, आणि पत्र तपासून परत केलं होतं.

तिसऱ्या शनिवारी आजोबा त्याला हाताला धरून घेऊन आले. त्यांनी विचारलं, तुम्ही भारतात कुठल्या? सोलापूर हे नाव त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, 'के दीहुआंच्या गावची.' त्यांचा चेहराच बदलला. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आले, 1942 मध्ये तिथेच वारले, आणि के दीहुआ या नावाने तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ते आजही ठाऊक आहेत. आजोबांनी माझ्या वहीत तीन चिन्हं काढली. शेवटच्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाले, हुआ म्हणजे चीन. त्या पथकातल्या पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांत हे अक्षर आहे. नागपूरच्या डॉक्टर चोळकरांच्याही. मुलगा वहीवर वाकला होता. त्याने आपली वही उघडून शेजारी ठेवली आणि ली हुआच्या नावातलं तेच चिन्ह मला दाखवलं. बोलला काहीच नाही.

पण पुढच्या आठवड्यात दाराच्या फटीतून पत्र आलं. इंग्रजीत, हंगश्वी वळणात. प्रिय पीटर, तू नेहमी मला विचारतोस. आता मी विचारतो. तुझी आई सकाळी काय बनवते?

पीटरला आई असेल, हे कुठल्याच प्रश्नपत्रिकेने कधी धरलेलं नव्हतं. मीही नव्हतं. लंडनच्या पीटरच्या आईसाठी अंडी आणि टोस्ट लिहून मोकळं होता आलं असतं. मी बराच वेळ बसून राहिले. मग लिहिलं, माझी आई सकाळी ज्वारीची भाकरी करते. ज्वारीला चिनीत काओल्यांग म्हणतात, तुझ्या आजोबांना माहीत असेल. भाकरी दोन तळव्यांमध्ये थापते, त्या थापण्याच्या आवाजाने मला जाग यायची. सोबत शेंगदाण्याची चटणी. 'थापणे'साठी इंग्रजी शब्द काही केल्या मिळेना. शेवटी दोन हात काढले आणि मध्ये गोल.

शनिवारी तो सगळ्यांत आधी आला. जोडे काढले, पत्र खिशातून काढून टेबलावर सरळ केलं, त्या चित्रावर बोट ठेवलं.

'पीटर लिव्ह इन इंडिया?'

क्रियापदाचा 'एस' राहून गेला होता. मी मान हलवली आणि थांबले. त्याने स्वतःचे तळवे एकमेकांवर आपटून पाहिले, एकदा, दोनदा, मग विचारलं, 'लाइक धिस?'