साहेबाची डिश

आमच्या घरातली खरी चांदी आता घरात नाही. आत्याच्या लग्नात तांब्या-भांडं गेलं, बाबांच्या आजारपणात ताटं गेली. सोनाराकडे वजन झालं, आटणी झाली, विषय संपला. राहिली ती साहेबाची डिश, कारण तिला कुणी घेईना. सोनारानं कडेला किंचित घासून बघितलं आणि ‘नुसतं पाणी आहे’ म्हणत परत केली.

आजोबा भुसावळला जीआयपी रेल्वेत कारकून होते. सत्तेचाळीस साली साहेब लोक बंगले रिकामे करून विलायतेला निघाले, तेव्हा सामानाच्या लिलावात त्यांनी ही चौकोनी, झाकणाची डिश घेतली. कशासाठी, ते आजीला कधीच कळलं नाही. साहेबानं तीत काय काय खाल्लं असेल कोण जाणे, म्हणून तिनं ती स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. माझ्या लहानपणी तीत दोऱ्याची रिळं आणि सुटी बटणं असत. आईच्या राज्यात ती टेबलावर आली. झाकणाची मूठ पिळली की सुटते आणि झाकण उलटं ठेवलं की दुसरी डिश तयार होते. पाहुण्यांना ही करामत करून दाखवायचा मान माझा.

बुडाकडे मी बघितलं ते फार पुढे, भिंग घेऊन. तिथं ढालीच्या आकाराच्या छोट्या चौकटींत अक्षरं ठोकलेली आहेत: ई, पी, एन, एस. लांबून बघणाऱ्याला अस्सल चांदीवरचे छापच वाटावेत, अशी ही चलाख मांडणी. अर्थ एवढाच, की निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला मुलामा. या निकेल सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी औषधालाही नसते. त्याआधीची रीत वेगळी होती. 1743च्या सुमारास शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरनं तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव केला. ती भांडी झिजली की लालसर तांबं डोकावतं. 1840मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीचा थाट आला. आमची डिश कोपऱ्यांवर झिजली आहे, तिथं पिवळट राखाडी रंग दिसतो. म्हणजे ती 1840 नंतरची.

पण नेमकी कधीची? ते बुडावरच्या एका शंकरपाळ्यानं सांगितलं. ब्रिटनमध्ये 1842 ते 1883 या काळात नोंदलेल्या नक्षीला असा चौकोनी छाप मिळे. माथ्यावरच्या वर्तुळात रोमन एक, म्हणजे धातूची वस्तू. 1867पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, 1868पासून ते उजवीकडे गेलं. आमच्या शंकरपाळ्यात वर आकडा आहे आणि उजवीकडे ‘डी’. म्हणजे 1878. अर्थात हे नक्षी नोंदवल्याचं साल. डिश त्यानंतर काही वर्षांनीही घडवलेली असू शकते. ‘इंग्लंड’ हा शब्द तिच्यावर कुठंच नाही. अमेरिकेच्या 1890च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे ते नसणं जुनेपणाची खूण मानतात. मला हा पुरावा जरा लंगडा वाटतो. जो माल अमेरिकेला जायचाच नव्हता, त्यावर ते कशाला ठोकतील?

चांदीच्या ताटांवर काय छाप होते, ते आमच्या घरात कुणालाही आठवत नाही. ती आटली, त्यांच्याबरोबर छापही आटले. डिशला मोडीत भाव नव्हता म्हणूनच तिचं बूड शाबूत राहिलं.

मध्यंतरी एका दुकानदारानं ‘नवा मुलामा देतो, आरशासारखी करतो’ म्हणून गळ घातली. मी नाही म्हटलं. मुलाम्याआधी भांडं घासून गुळगुळीत करतात. त्यात उथळ छाप पुसट होतात, कधी पार जातात. तुमच्या माळ्यावर असं काही काळवंडलेलं पडलं असेल तर रांगोळीनं खसाखसा घासू नका, आणि भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उपडं करून बघा.