कुत्रं थांबलं नाही म्हणजे काय?

माझ्या आईला इंग्रजी वाचता येतं, बँकेच्या फॉर्मवरचं बारीक अक्षरातलंसुद्धा. पण उद्गारचिन्ह असलेलं इंग्रजी वाक्य दिसलं की ती त्याचा फोटो काढून मला पाठवते. विम्याचा मेसेज, केवायसीचा मेसेज, लॉटरी लागल्याचा मेसेज. मार्चमध्ये आलेला फोटो तिच्या लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनचा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: 'वॉचडॉग : वॉचडॉग झिरो : वॉचडॉग डिड नॉट स्टॉप!' खाली आईचा प्रश्न, "कुत्रं थांबलं नाही म्हणजे काय?"

हा लॅपटॉप माझा कॉलेजातला. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्याच्यावर काढली, नोकरी लागल्यावर कंपनीने दुसरा दिला आणि हा कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी गेला. जुन्या मशीनवर हलकं चालतं म्हणून त्यात लिनक्स आहे. आई बचत गटाची सचिव. तेरा बायका, महिन्याला दोनशे रुपये बचत, गरजेला शेकडा दोन टक्क्यांनी कर्ज. हिशेब आधी वहीत असायचे. 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा ती वही लोखंडी पेटीत होती, आणि पेटी पाण्यात होती. पानं उन्हात वाळवून, पुसट आकडे एकमेकींना विचारून आईने सगळा हिशेब परत उभा केला. त्यानंतर तो स्प्रेडशीटवर आला. त्याची एक प्रत माझ्याकडे असते, एक पेन ड्राइव्हवर.

फेब्रुवारीत मी घरी जाऊन सिस्टीम अपग्रेड करून दिली होती. जुन्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट संपत आले होते, त्यामुळे ते करणं भागच होतं. सगळं नीट झालं. प्रिंटर चालला, मराठी टायपिंग चाललं. महिन्याभराने ही ओळ उगवली.

आता गंमत बघा. नुसती ओळच आली असती तर मी फोनवर "काही नाही, दुर्लक्ष कर" म्हणालो असतो. आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून चार वेळा उच्चारलं जातं. पण ती ओळ आली गटाच्या बैठकीत, बारा बायकांसमोर. आणि त्याच बैठकीत एका काकूंनी सांगितलं होतं की त्यांच्या पंधरा हजारांच्या कर्जाचे चार हप्ते गेलेत. कागदावर तीन होते. काकूंनी मुलीच्या फीसाठी ते कर्ज काढलं होतं, एकेक हप्ता कसा भरला हे त्यांना तोंडपाठ होतं. वाद वाढायच्या बेतात असताना स्क्रीन काळी झाली, ती ओळ आली, आणि कुणीतरी म्हणालं, "बघा, मशीनच बिघडलंय. त्यानंच हप्ता खाल्ला असंल."

सगळ्यांना ते पटलं. काकूंना पटलं, आईलाही जरा बरं वाटलं असावं. आता प्रश्न माझ्याकडे होता: मशीनने हप्ता खाल्ला का?

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे तक्रार पुन्हा घडवून आणणं. आई म्हणाली, "कधी येतं, कधी येत नाही." हे उत्तर कुठल्याही इंजिनिअरला नको असतं. मी लॅपटॉप पाच वेळा बंद केला, पाच वेळा चालू केला. काहीच नाही. मग आईला म्हटलं, तू नेहमी करतेस तसंच सगळं कर, मी नुसता बघतो. तिने हिशेबाची फाईल उघडली, आकडे भरले, सेव्ह केलं, प्रिंट दिली. प्रिंटर दिसेना. आमचा प्रिंटर जुना, मशीन चालू होताना जोडलेला नसेल तर नंतर ओळख देत नाही. आईने सवयीने त्याची वायर काढून परत लावली आणि 'रीस्टार्ट' दाबलं. ओळ आली.

म्हणजे बंद करताना नाही, रीस्टार्ट करताना. आणि रीस्टार्ट ती फक्त प्रिंट काढायच्या दिवशी करते, म्हणजे बैठकीच्या दिवशी. बायकांनी मशीन बघितलं की नेमकं ते ओरडत होतं, एरवी गप्प. काकूंच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता.

लिनक्स आपल्या प्रत्येक फेरीची रोजनिशी ठेवतो. मागच्या फेरीच्या शेवटच्या ओळी काढल्या, आणि तिथे सगळं उलगडलं. यासाठी थोडं तांत्रिक बोलावं लागेल, कंटाळू नका.

बहुतेक मशीनच्या आत वॉचडॉग नावाचा एक टायमर असतो. त्याची समजूत एकच: मला ठरावीक वेळात कुणी हात लावला नाही, तर मशीन अडकलंय असं समजून मी ते जबरदस्तीने रीस्टार्ट करणार. डोंगरावरच्या टॉवरशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरला हे फार उपयोगी, तिथे बटण दाबायला माणूस नसतो. त्या टायमरला सोडून जायचं असेल तर एक परवलीचं अक्षर लिहून जावं लागतं, इंग्रजी मोठा 'व्ही'. ते न लिहिता त्याचा दरवाजा बंद झाला, तर तो थांबत नाही आणि कर्नल कळवतो: वॉचडॉग थांबलेला नाही.

रीस्टार्ट करताना काय होतं? सगळे प्रोग्रॅम बंद झाल्यावर सिस्टीमचा मुख्य प्रोसेस हा टायमर लावतो, मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांचा, आणि स्वतः बाजूला होऊन शेवटच्या आवराआवरीचं काम दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे देतो. हेतू असा, की आवराआवर मध्येच अडकली तर टायमरने मशीन पुढे ढकलावं. या देवाणघेवाणीत पहिल्याच्या हातातला दरवाजा क्षणभर मिटतो. 'व्ही' लिहिलेला नसतो, कारण टायमर चालूच राहायला हवा असतो. कर्नलला हेतू ठाऊक नसतो. त्याला दिसतं एवढंच, की कुणीतरी न सांगता गेलं. तो ओरडतो. लगेच पुढच्या ओळीत दुसरा प्रोग्रॅम टायमर हातात घेतो, डिस्कवर उरलंसुरलं लिहून काढतो, मशीन सुखरूप परत सुरू होतं.

पप्पा साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. खाटेवर बसून ते हे ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे पाळी बदलताना जाणाऱ्यानं रजिस्टरला सही केली नाही, एवढंच की. येणारा तर खुर्चीत बसलाय." मी इतका वेळ जे हातवारे करून सांगत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

ओळ अपग्रेडनंतरच का आली, हेही रोजनिशीत सापडलं. जुन्या फेऱ्यांमध्ये त्या टायमरचा ड्रायव्हरच लोड होत नव्हता, नव्या कर्नलने तो लोड केला. आणि स्क्रीनवर एवढ्या ठसठशीत दिसण्याचं कारण म्हणजे कर्नलच्या संदेशांना शून्य ते सात अशी पायरी असते. शून्य म्हणजे सर्वांत गंभीर. 'गप्प राहा' असं सांगून सुरू केलेला कर्नलही चारच्या खालचे संदेश दाखवतोच. ही ओळ दोनवर आहे, 'क्रिटिकल'. ज्याने ती लिहिली त्याचंही बरोबर आहे. भर दिवसा, काम चालू असताना राखणदाराला कुणी वाऱ्यावर सोडलं तर ते गंभीरच. फक्त इथे ती वेळ नव्हती.

एवढ्यावर थांबलो नाही. डिस्कची तब्येत तपासली, चांगली होती. फाईल सिस्टीमच्या नोंदीत 'क्लीन' लिहिलेलं होतं. हिशेबाची फाईल ती ओळ येण्याच्या चाळीस मिनिटं आधी सेव्ह झाली होती. माझ्याकडच्या आधीच्या महिन्याच्या प्रतीतही काकूंचे तीनच हप्ते होते, आणि ती प्रत अपग्रेडच्या आधीची. मशीन निर्दोष.

मी खुशीत आईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"मग चुकलं कोण?" ती म्हणाली. "मशीन नाही, तर एक तर मी, नाही तर ती."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी खोट्या इशाऱ्याच्या मागे लागलो होतो. त्या खोट्या इशाऱ्याने दोन बायकांच्या वीस वर्षांच्या ओळखीला एक आडोसा दिला होता आणि मी रोजनिशी, डिस्क, तारखा असे पुरावे लावून तो काढून घेतला. आई हळूच म्हणाली, "मशीनवर ढकललं असतं तर दोघींचं राहिलं असतं."

तसं करावं का, यावर आम्ही रात्री जेवताना बोललो. मी म्हणालो, नको. कारण मग पुढच्या वेळी कुठलाही आकडा कुणालाही नको झाला की मशीन बिघडलेलं असेल. आणि दुसरंही कारण होतं, ते मी कामावरून शिकलोय. आमच्याकडे रात्रीच्या ड्युटीला फोनवर इशारे येतात. त्यातले पुष्कळ फुकाचे असतात. दोन आठवड्यांत हात आपोआप 'बघितलं' दाबायला लागतो, डोळे न उघडता. खोट्या इशाऱ्याचा खरा तोटा हा आहे. थेराक-25 नावाचं कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन होतं. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, काही त्यात दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. पण त्यातल्या एका ठिकाणी स्क्रीनवर 'मालफंक्शन 54' असं आलं होतं. असले अगम्य संदेश तिथे नेहमीच येत, म्हणून ऑपरेटरने पुढे चला सांगणारं 'पी' हे बटण दाबलं. ज्या यंत्राला रोज खोकायची सवय आहे, त्याचा दम कधी कोंडला ते कळत नाही.

पप्पा म्हणाले, "मग ते कुत्रंच बंद कर की."

करता येत होतं. सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ बदलायची की रीस्टार्टच्या वेळचा टायमर बंद. किंवा ड्रायव्हरच लोड होऊ द्यायचा नाही. दोन मिनिटांचं काम. लॅपटॉपला तशी त्या टायमरची गरजही नाही, अडकला तर पॉवरचं बटण दाबून धरायला माणूस समोर असतो. मी ड्रायव्हर बंद करायला घेतला, तेव्हा आईने विचारलं, "त्यानं मशीनला काही अपाय होतोय का?" नाही. "मग आत्ता नको. आत्ता बंद केलंस तर सगळ्या म्हणतील, पोरगा आला आणि काहीतरी पुसून गेला."

ती सचिव आहे, मी नाही.

रविवारी तिने काकूंना घरी बोलावलं. चहा झाल्यावर गटाची सह्यांची वही काढली. हप्ता देताना त्यात सही होते, ही पद्धत पुरानंतर सुरू झालेली. नोव्हेंबरच्या पानावर काकूंच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. पण त्या दिवशी बैठक लवकर उठली होती, कारण गावात कुणाचं तरी मयत झालं होतं, आणि आणखी दोघींच्या सह्याही नव्हत्या, ज्यांचे पैसे मात्र जमा दिसत होते. म्हणजे सही नाही याचा अर्थ पैसे नाहीत असाही होत नव्हता. काकू म्हणाल्या, "मी पिशवीतून काढून दिलेले आठवतायत." आई म्हणाली, "मला घेतलेले आठवत नाहीत. पण नाहीच घेतले, असंही छातीठोक सांगता येत नाही." मी मध्ये काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच, लॅपटॉपचा विषय संपला होता.

एप्रिलच्या बैठकीत गटाने ठरवलं की उशिरा येणाऱ्यांच्या दंडाची जी रक्कम साठते, त्यातून तो एक हप्ता जमा धरायचा आणि काकूंचे चार हप्ते लिहायचे. ठराव वहीत लिहून तेरा जणींनी सह्या केल्या. दोघींनी कुरकुर केली, पण सही केली.

ती ओळ अजून येते. बैठकीत आता रीस्टार्टचं बटण काकूच दाबतात, आणि स्क्रीन काळी झाली की मोठ्याने सांगतात, "पाळी बदलली."