दोन गजानन

ज्या जिल्ह्यात शेगाव आहे, तिथं याद्या जुळवणाऱ्याला गजानन या नावाची धास्ती असते. गजानन महाराज १८७८ साली शेगावात प्रगटले. त्यांचं नाव ठेवायची हौस इकडे अजून फिटलेली नाही. यादी कर्जमाफीची असो, पीकविम्याची असो की सेवा सोसायटीच्या सभासदांची, शोध टाकला की पडदा गजाननांनी भरून जातो.

अक्षरांचे घोळ केव्हाच निस्तरले. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आला. ‘कुऱ्हाडे’तला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो; डोळ्याला एकच दिसतो, यंत्राला दोन. तोही वळणावर आणला. खुद्द जिल्हाच कुठं बुलडाणा, कुठं बुलढाणा. त्यात फारशी कसोटी नाही.

घोडं अडतं ते क्रमापाशी. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. म्हणून नावातले शब्द सुटे करून अकारविल्हे लावायचे आणि मग ताडायचे. पण नातवाला आजोबांचं नाव द्यायची चाल आमच्याकडे आहे. बाप गजानन रामदास, लेक रामदास गजानन, आडनाव एक, गाव एक. शब्द अकारविल्हे लावले की बाप-लेक एकच माणूस! ‘राव’, ‘भाऊ’ गाळावं तर रामराव आणि रामभाऊ हे चुलतभाऊ एकमेकांत मिसळतात. नियम कडक केला तर एकच शेतकरी तीन ओळींत सांडतो, सैल केला तर दोन घरांचे पैसे एका खात्यात जातात. उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या साउंडेक्सचं पेटंट अमेरिकेत १९१८ साली निघालं. ते इंग्रजी नावांसाठी. आमच्या गजाननांना त्याचा उपयोग शून्य.

तक्त्यांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं १९७० साली आपल्या निबंधात तक्त्याच्या प्रत्येक ओळीला एक किल्ली दिली. ती किल्ली आता शेतकऱ्यालाही मिळाली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पोरं विचारतात, आता नावं जुळवायची कशाला? अरे, तो क्रमांक देतानाच आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी लावावं लागतं, आणि कितीतरी सातबाऱ्यांवर अजून आजोबाच आहेत. वारस नोंद झालेली नाही. दुखणं तेच आहे, फक्त उंबऱ्यावर आलं.

खरं सांगायचं तर हा क्रमांक आला तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. “त्यांना बोलवा, तेच जुळवतील,” हे ऐकायची चटक लागली होती. माझे नियम मी असे गुंतागुंतीचे लिहीत असे की दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायला धजू नये.

सध्या माझ्या हाताखाली मोताळ्याकडची एक मुलगी शिकते आहे. माझ्या नियमांनी ‘संशयित’ म्हणून बाजूला काढलेली एक जोडी तिला दिली आणि त्या जोडीसाठी आणखी एक नियम लिहायला मी बसलो. तिनं सरळ गावच्या कोतवालाला फोन लावला. तो म्हणाला, “अवो म्याडम, हा बाप हाय अन् हा लेक. बाप त कवाच गेला.” मला राग आला. उत्तर मिळालं याचा नव्हे. माझा नियम पुरा व्हायच्या आत मिळालं, याचा.

हल्ली मोठ्या शहरांतून मंडळी येतात आणि एआय सगळं जुळवून देईल म्हणतात. देईलही. नियम लिहिण्यात माझ्यापेक्षा ते सरस असतील, हेही मान्य. पण जुळलेल्या नावापुढे ते टक्केवारी लिहितात, साक्षीदार लिहीत नाहीत. पैसे अडले की शेतकऱ्यानं त्या टक्केवारीशी भांडायचं कसं?

त्या मुलीनं आमच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: ‘कुणाला विचारलं’. तलाठी, कोतवाल, गटसचिव, घरातली म्हातारी, कुणीही चालेल. संशयित जोडीपुढे तो रकाना कोरा असेल, तर यादी जुळली असं मी आता म्हणत नाही.