सूर्य पाठीशी

परवा शनिवारी सकाळी कुरियरवाला एक जाड पाकीट देऊन गेला. आत नऊ फोटो. कृष्णधवल, चौकोनी. काढले होते बारा, आले नऊ.

फोटो 'आले' हा शब्द मी किती वर्षांनी वापरला कोण जाणे. मोबाइलवरचे फोटो येत नाहीत, ते नुसते साठतात. माझ्या फोनमध्ये आत्ता तेवीस हजारांच्या वर फोटो आहेत. त्यात पार्किंगच्या खांबाचे नंबर आहेत, व्हाइटबोर्डवरची डायग्रॅम्स आहेत, एकाच केकचे सतरा फोटो आहेत. नाही तो एकच... मी आणि बाबा, दोघं एकत्र असलेला धड फोटो. दोन सेल्फी आहेत म्हणा. एकात बाबांचं अर्धं कपाळ, दुसऱ्यात माझाच हात.

तर ही गोष्ट त्या नऊ फोटोंची, आणि ज्या डब्यातून ते निघाले त्या डब्याची.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. पूर्वी पुण्याहून एसटीने जायचं म्हणजे रात्रभर हाडं खिळखिळी व्हायची. आता जालन्याहून समृद्धी महामार्ग धरला की मेहकर कधी येतं कळत नाही. बायको आणि मुलगी गाडीत झोपलेल्या, मी मात्र आपलं बाबांच्या डोळ्यांचा विचार करत गाडी चालवत होतो. बाबांना काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याने दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं, मधलं तेवढंच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलेला माणूस आता चहाचा कप चाचपडत उचलतो.

माळ्यावरची सफसफाई चालू होती. एका पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली, बाबांचा कॅमेरा सापडला. आग्फा क्लिक थ्री. माझ्या मुलीने तो हातात घेतला आणि विचारलं, "आबा, ह्याचा स्क्रीन कुठाय?"

बाबा जाम खूश! :)

हा कॅमेरा जर्मन नावाचा, पण जन्म बडोद्याचा. न्यू इंडिया इंडस्ट्रीज नावाची कंपनी बडोद्यात आग्फाचे हे साधे कॅमेरे बनवायची. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीची फोटोग्राफी ह्या क्लिक थ्रीवर सुरू झाली. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये पांढऱ्या काठाचे, पेढ्याच्या बॉक्सच्या झाकणाएवढेही नसलेले चौकोनी फोटो असतील, तर ते बहुतेक ह्याचेच किंवा ह्याच्या भावंडांचे. योगायोग बघा, दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले तेही बडोद्यातच, कलाभवनात. पण ते शिकले. क्लिक थ्रीची गंमत अशी की त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच.

आणि हीच तर ह्या डबा कॅमेऱ्यांची खरी क्रांती आहे. थोडं मागे जाऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी त्यात होती. दोघेही डॉक्टर, आणि ते काही उगीच नाही. त्या काळात काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच ती धुवायची. म्हणजे फोटो काढायला रसायनशास्त्र यायला हवं, शिवाय पैसा, तंबू आणि गडीमाणसं हवीत.

मग 1888 साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक काढला. लाकडी डबा, आत शंभर फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवा रोल भरून परत धाडणार. पण किंमत पंचवीस डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. 1900 साली आला ब्राउनी, आणि किंमत एक डॉलर फक्त! फ्रँक ब्राउनेल नावाच्या कारागिराने तो बनवला होता. पुठ्ठ्याचा डबा, समोर एक भिंग, एक खटका, सहा फोटोंचा रोल पंधरा सेंटला. जाहिरात केली ती थेट लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. पहिल्याच वर्षी लाखावर कॅमेरे खपले.

आता माझ्यातला इंजिनिअर थोडा बोलणार, सहन करा. आम्ही सॉफ्टवेअरवाले युजरला दोनशे सेटिंग्ज देतो आणि वर म्हणतो, बघा किती फ्लेक्झिबल! डबा कॅमेऱ्यात सगळे निर्णय कारखान्यातच घेऊन टाकलेले असतात. भिंगाचं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं. चष्मा विसरलेला माणूस डोळे बारीक करून एसटीची पाटी वाचतो ना, तेच तत्त्व. भोक बारीक, म्हणून साधारण दहा फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट. म्हणजे फोकस करायची गरजच संपली. पण भोक बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून उन्हात उभं राहणं आलं. खटक्याचा वेग बेताचा, म्हणून हात हलू न देणं आलं. भिंग साधं, कडांना थोडं धूसर, पण फिल्म भली मोठी आणि फोटो तिच्याच आकाराचा छापायचा, मोठा करायचाच नाही, त्यामुळे तो दोष कुणाला दिसतच नाही. एक उणीव दुसरीला सांभाळून घेते. इतकं सुटसुटीत डिझाइन मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलेलं नाही. (केलेलं तर नाहीच नाही.)

बाबांनी ह्या सगळ्याचं सूत्र तीन शब्दगटांत बसवलं होतं. सूर्य पाठीशी, माणूस दहा फुटांवर, श्वास पोटात. झाली फोटोग्राफी!

अर्थात ह्या डब्याचे नखरे नव्हते तरी अटी होत्या. बाबांनी 1973 मध्ये अकोल्याहून कॅमेरा आणला आणि शाळेची सहल लोणारला नेली. काठावर उभं राहून सरोवराचा फोटो काढला. पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते विवर फोटोत आलं पितळी ताटाच्या कडेसारखं, एक बारीक रेघ. दैत्यसूदन मंदिराच्या आतलं छत तर आलंच नाही, नुसता काळोख. घरातलंही तसंच. आमच्या जुन्या अल्बममध्ये घराच्या आतला एकही फोटो नाही. सगळे अंगणात, सकाळच्या उन्हात, डोळे किलकिले करून उभे. चूल नाही, देवघर नाही, आजीची रांधायची जागा नाही. जे उन्हात आलं तेवढंच उरलं.

आणि म्हणूनच आजोबांच्या फोटोची गोष्ट घडली.

1976 चा हिवाळा. आजोबा अंथरुणाला खिळलेले, आतल्या खोलीत. बाबांच्या लक्षात आलं की वडिलांचा एकही फोटो नाही. खोलीत फोटो येणं शक्य नव्हतं. मग बाबांनी आणि काकाने बाज उचलली आणि आजोबांना बाजेसकट अंगणात आणलं. आजी भडकली. एक तर फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही तिची पक्की समजूत, त्यात ही थंडी. "काहून रे त्याइले बाहेर काढतं?" पण ऊन अंगावर आलं तसे आजोबा म्हणे हसले, कित्येक दिवसांनी. बाबांनी पटकन कॅमेरा आजीच्या हातात दिला आणि स्वतः बाजेवर जाऊन बसले. आजी म्हणाली, "मले काय समजते त्यातलं?" बाबा म्हणाले, "समजाचं काहीच नाही माय. दाबाचं फकत."

आजीने दाबलं. आयुष्यात पहिलं आणि शेवटचं. फोटो थोडा तिरका आहे, बाजेचा एक पाय कापला गेलाय, खाली आजीची सावली आलीय, पदर डोक्यावर घेतलेली. पण आजोबा हसताहेत आणि बाबांचा हात त्यांच्या गुडघ्यावर आहे. महिनाभरात आजोबा गेले. मेहकरच्या स्टुडिओतून छापून आणलेला तो बोटभर फोटो आजही आमच्या ओसरीवर आहे. ज्या बाईने कधी घड्याळाला चावी दिली नाही, तिने काढलेला. 'सोपा कॅमेरा' म्हणजे काय हे मला त्या फोटोइतकं कुठल्याच माहितीपत्रकाने शिकवलं नाही.

असो. तर दिवाळीत कॅमेरा सापडला, खटका वाजत होता. मागची लाल काचही शाबूत. प्रश्न रोलचा. आणि इथे मला धक्का बसला. ह्याला लागणारी 120 फिल्म कोडॅकने 1901 साली एका ब्राउनीसाठी काढली, आणि ती आजही बनते, आजही मिळते! सव्वाशे वर्षं जुना फॉरमॅट, आजच्या फिल्मला चालू. माझी कॉलेजची प्रोजेक्ट्स ज्या फ्लॉपीवर आहेत ती वाचायला आज घरात एक मशीन नाही. एक रोल ऑनलाइन मागवला. किंमत पाहून बायको म्हणाली, "बारा फोटोंचे एवढे?" मी म्हटलं, "नीट उभी राहा म्हणजे झालं."

संक्रांतीला रोल घेऊन परत गावी गेलो. ओसरीच्या सावलीत बाबांनी तो भरला. मी व्हिडिओ बघून तयारी करून गेलो होतो, पण गरज पडली नाही. कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरकवलं, दोन वेढे दिले, झाकण लावलं. सगळं बोटांनी. डोळे समोर भिंतीकडे. फक्त लाल काचेतला एकचा आकडा आला की नाही, तेवढं मुलीने सांगितलं.

अकरा फोटो मी काढले. बाबांचे, आईचे, मुलीचे, काकाचे. बारावा उरला तेव्हा बाबा म्हणाले, "आण इकडं. तुम्ही तिघं उभे राहा."

मी गप्प झालो. काय बोलावं कळेना. बाबा म्हणाले, "अरे, ह्याच्यात पाहावं कुठं लागते?"

आणि खरंच की! ईस्टमनच्या त्या पहिल्या कोडॅकला व्ह्यूफाइंडरच नव्हता. डबा साधारण त्या दिशेला धरायचा, बस्स.

बाबांनी आम्हाला भिंतीजवळ उभं केलं. भिंतीला हात लावून वळले आणि चार मोठी पावलं मोजत लांब गेले. दहा फूट. मग पुन्हा आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, टोपी काढली, मान जराशी इकडेतिकडे फिरवली. मला आधी कळेना काय करताहेत ते. ऊन मानेवर कुठे लागतंय ते शोधत होते. सापडलं तसे थांबले. मुलीला म्हणाले, "बोल काहीतरी." ती म्हणाली, "आबा, लवकर!" त्या आवाजावर त्यांनी कॅमेरा रोखला, गालाला घट्ट टेकवला. छाती फुगली आणि तशीच थांबली.

खट्.

रोल मुंबईला धुवायला पाठवला. परवा पाकीट आलं, बारापैकी नऊ. गेलेले तिन्ही माझे. दोनदा मी रोल पुढे सरकवायचा विसरलो, त्यामुळे दोन ठिकाणी एकावर एक असे दोन फोटो पडलेत. तिसऱ्यात हात हलला. बारावा मात्र आलाय. थोडा तिरका. माझा उजवा खांदा कापला गेलाय. मुलीचा एक डोळा मिटलेला. पण स्पष्ट, अगदी विटांच्या सांध्यापर्यंत. आणि खाली, आमच्या पायांपाशी, एक लांब सावली. डोकं उघडं, दोन्ही कोपर बाहेर काढलेले.

मी आणि बाबा, दोघं एका फोटोत.

लगेच फोन केला. फोटो मोबाइलवर पाठवून त्यांना उपयोग नव्हता. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "नाकाची सावली कुठं पडली?"

मी फोटो खिडकीपाशी नेला आणि नीट बघितलं. म्हटलं, "ओठाच्या थोडी डावीकडे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "म्हणजे सूर्य बरोबर होता. पुढचं सांग."

मग मी सांगत बसलो. विटा, मुलीची वेणी, बायकोच्या साडीचा काठ, कापलेला खांदा, सावली. एका फोटोवर आम्ही वीस मिनिटं बोललो. बाकीचे आठ अजून सांगायचेत, म्हणून ह्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे.