वर्षाचा रकाना

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पार्श्वगायनाचा पहिला मान १९६७ सालचा. 'उपकार'मधल्या गाण्यासाठी तो महेंद्र कपूर यांना मिळाला. गायिकांना मात्र त्या वर्षी पुरस्कार नव्हताच. तो १९६८ पासून सुरू झाला आणि पहिल्या मानकरी ठरल्या पी. सुशीला, एका तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी. माझ्या भाचीने तयार केलेल्या यादीत दोन्ही पुरस्कारांची सुरुवात १९६७ अशी पडली होती. तपासणीतली पहिली लाल खूण तिथे झाली.

भाची मराठीतल्या एका मुक्त ज्ञानकोशासाठी लिहिते. तिथे कुणीही नोंद करू शकतं आणि कुणीही ती दुरुस्त करू शकतं. पार्श्वगायक आणि पार्श्वगायिका या दोन्ही पुरस्कारांची मिळून एक सविस्तर यादी तिने केली होती. ती 'निवडक' म्हणून पुढे पाठवण्याआधी कुणीतरी बारकाईने वाचायला हवी होती. "मावशी, तुला गाण्यातलं कळतं आणि शाळेत तू एवढ्या वह्या तपासल्यास. तूच बघ ना," असं म्हणून तिने काम माझ्या गळ्यात घातलं, आणि मी ते आनंदाने घेतलं.

आनंदाचं कारण थोडं जुनं आहे. पुरस्कारांच्या बातम्यांची कात्रणं मी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनातल्या कितीतरी वाड्यांमधल्या पोफळी आणि माड आडवे झाले, घरांची कौलं उडाली. आमच्या माळ्यावरचं कागदाचं सगळं भिजून लगदा झालं. त्यानंतर वीज नव्हती ते दिवस आठवले की अजून अंगावर येतं. पुढे ठरवून टाकलं, की जे जपायचं ते एकट्याच्या माळ्यावर ठेवायचं नाही. दहा जणांना दिसेल आणि दहा जणांना दुरुस्त करता येईल अशा जागी ते असलं पाहिजे.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत नेटचा भरवसा नसतो, म्हणून भाचीने बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून यादी छापून आणली. ओटीवर पाट टाकून आम्ही ओळ न् ओळ वाचायला बसलो. ती वाचायची, मी चित्रपट महोत्सव संचालनालयाच्या वार्षिक पुस्तिकेतलं पान समोर धरायची. या पुस्तिका वर्षवार काढल्या गेल्या आहेत आणि त्यांत पुरस्काराचं मानपत्रही असतं. वर्तमानपत्राची बातमी जाहीर होण्याच्या तारखेपुरती घ्यायची, बाकी सगळं पुस्तिकेवरून, असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला वर्षाच्या रकान्यात. हा पुरस्कार ज्या वर्षासाठी असतो ते वर्ष म्हणजे चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं ते. जाहीर तो नंतर होतो, प्रदान त्याहून नंतर, आणि चित्रपट थिएटरात कधी लागला हा आणखी निराळा प्रश्न. 'जोगवा' घ्या. पुरस्कार २००८ चे, म्हणजे ५६ वे. चित्रपट लोकांनी पाहिला २००९ मध्ये. पुरस्कार जाहीर झाले जानेवारी २०१० मध्ये. यादीत हरिहरन यांच्यासमोर २०१० होतं आणि त्याच गाण्यासाठी श्रेया घोषाल यांच्यासमोर २००८. एकाच युगुलगीताचे दोन आवाज दोन वर्षांच्या अंतरावर जाऊन बसले होते! 'मी वसंतराव'चंही तसंच. राहुल देशपांडे यांचा पुरस्कार २०२० चा, जाहीर झाला जुलै २०२२ मध्ये, आणि चित्रपट लागला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये.

भीमसेन जोशी यांच्या नावाशी आल्यावर भाची वैतागली. 'अनकही'साठीचा त्यांचा पुरस्कार कुठे १९८४ दिसतो, तर कुठे १९८५. "मावशी, यातलं खरं कुठलं?" ३२ वे पुरस्कार १९८४ या वर्षाचे आणि ते दिले गेले १९८५ मध्ये. चरित्र लिहिणारा प्रदानाचं वर्ष धरतो, यादी करणाऱ्याने पुरस्काराचं वर्ष धरायला हवं. मी तिला सांगितलं, रकान्याचं शीर्षक नुसतं 'वर्ष' असं ठेवू नकोस, 'पुरस्कार-वर्ष' असं लिही, शेजारी कितवा सोहळा तो आकडा दे, आणि यादीच्या वर दोन वाक्यांत हा हिशेब उलगडून ठेव. ही दोन वाक्यं नसली तर कुणीतरी चांगल्या भावनेने येऊन सगळी वर्षं पुन्हा 'सुधारून' जाईल.

श्रेया घोषाल यांच्या ओळीत आणखी एक गोष्ट निसटली होती. २००८ चा त्यांचा पुरस्कार दोन चित्रपटांसाठी आहे, बंगाली 'अंतहीन' आणि मराठी 'जोगवा'. तक्त्यात एका ओळीला एकच चित्रपट असा साचा असल्यामुळे बंगाली राहिला आणि मराठी गळाला. मराठी ज्ञानकोशातून मराठी चित्रपट गळावा याचं मला फार वाईट वाटलं. साचा सोयीसाठी असतो. त्यात माहिती मावत नसेल तर साचा वाढवायचा, माहिती छाटायची नाही.

भाषेच्या रकान्याचाही असाच पेच होता. आरती अंकलीकर-टिकेकर यांना २०१२ चा पुरस्कार 'संहिता' या मराठी चित्रपटासाठी आहे, पण ज्या गाण्यासाठी तो मिळाला ते गाणं हिंदी. त्याआधी २००६ मध्ये त्यांना कोकणी 'अंतर्नाद'साठी तोच पुरस्कार मिळाला होता. आम्ही 'चित्रपटाची भाषा' असा स्पष्ट रकाना केला आणि गाणं वेगळ्या भाषेतलं असेल तिथे टीप दिली.

संगीतकाराच्या नावावरून मात्र आमचं वाजलं. तिच्या यादीत तो रकानाच नव्हता. तिचं म्हणणं, तक्ता रुंद झाला की मोबाइलवर वाचता येत नाही, आणि आपले वाचक मोबाइलवरच वाचतात. बरोबर आहे. पण चाल बांधणाऱ्याचं नाव नसलेली गाण्याची यादी मला पटेना. मी तिला दोन ओळी दाखवल्या. १९८९, अनुराधा पौडवाल, 'कळत नकळत'. १९९५, अंजली मराठे, 'दोघी'. दोन्हींचे संगीतकार आनंद मोडक. मराठी चित्रपटाने गायिकेला मिळवून दिलेले हे दोन्ही सन्मान एकाच माणसाच्या चालींवर उभे आहेत, आणि हे यादीवाचून चटकन कुठे दिसणार? शेवटी छायाचित्रांचा रकाना काढून आम्ही संगीतकारांना जागा केली. छायाचित्रं त्या त्या व्यक्तीच्या नोंदीत असतातच.

हे रकाने नीट लागल्यावर यादी उभी वाचता येऊ लागली, आणि मला वाटतं या कामाचं खरं सुख तिथे आहे. २०१०, सुरेश वाडकर, 'मी सिंधुताई सपकाळ'. २०११, आनंद भाटे, 'बालगंधर्व'. २०१२, 'संहिता'. २०१३, बेला शेंडे, 'तुह्या धर्म कोंचा'. चार वर्षं ओळीने गायक किंवा गायिका यांपैकी एकीकडे मराठी चित्रपट आहेच. पुढे २०१५ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'साठी महेश काळे, २०१९ मध्ये 'बार्डो'साठी सावनी रवींद्र, २०२० मध्ये राहुल देशपांडे. यांतले तीन चित्रपट सरळ संगीत रंगभूमीच्या अंगणातले. भीमसेनजींचं नाव १९८४ मध्ये आणि त्यांचे शिष्य आनंद भाटे २०११ मध्ये. 'कट्यार' नाटकाला संगीत दिलं जितेंद्र अभिषेकी यांनी, चित्रपटाच्या वेळी पुरस्कार मिळाला त्यांच्या शिष्याला. त्या नाटकातले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, आणि नातू पुरस्कार मिळवतो ते आजोबांवरच्याच चित्रपटासाठी. वर्षं चुकलेली असती तर हा क्रम दिसलाच नसता.

रकमेची ओळ आम्ही पूर्ण बदलली. यादीच्या माथ्यावर 'रजत कमळ आणि २ लाख रुपये' असं सरसकट लिहिलं होतं, जणू महेंद्र कपूर यांनाही तेवढेच मिळाले. रजत कमळाची रक्कम २ लाख झाली ती ७० व्या पुरस्कारांपासून, म्हणजे २०२४ मध्ये. दक्षिणेकडच्या चित्रपटांची नावं रोमन अक्षरांवरून मराठीत आणताना वेडीवाकडी झाली होती. ती भाचीने तमिळ आणि मल्याळम जाणणाऱ्या मैत्रिणींकडून एकेक करून उच्चारून घेतली.

मराठीत या कामाला मोठी वाट घालून दिलेली आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाच्या दशकात ज्ञानकोशाचे खंड काढले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून विश्वकोश उभा केला. तिथे प्रत्येक नोंद जाणत्या माणसाच्या हाताखालून जायची. मुक्त ज्ञानकोशात तो जाणता माणूस नेमलेला नसतो, म्हणून ज्याला थोडंफार कळतं त्याने आपण होऊन बसावं लागतं. निवृत्त शिक्षकांनी हे काम घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तपासायची सवय आपल्याला आहे, आणि वेळही आहे.

१ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे पुरस्कार जाहीर झाले. गायिकांमध्ये 'जवान'साठी शिल्पा राव, गायकांमध्ये तेलुगू 'बेबी'साठी रोहित. संध्याकाळपर्यंत कुणीतरी दोघांना २०२५ च्या ओळीत घालून ठेवलं होतं. भाचीने ते २०२३ केलं आणि ज्याने घातलं होतं त्याला चर्चापानावर कारण नीट समजावून लिहिलं. त्याने आभार मानले आणि पुढच्या यादीत मदत करीन म्हणाला. पुढची यादी संगीत दिग्दर्शनाची आहे. तिथे २००९ पासून गीतांसाठी आणि पार्श्वसंगीतासाठी निरनिराळे पुरस्कार आहेत, त्यामुळे तक्ता एक ठेवायचा की दोन करायचे, यावर सध्या आमच्या ओटीवर खल चालला आहे.